तिकीट नाटकाचे काढ, अपघाताचे नको

न्यू जर्सी, 25 मार्च 2011

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरचे 'स्पायडर-मॅन : टर्न ऑफ द डार्क' हे संगीतनाटक पाहायला जावे की नाही, याचा तू मनाला फार त्रास करून घेतला आहेस. वर्गातली मुले गटाने निघाली आहेत, त्यांतली काही केवळ टवाळी करायला; तिकीट तुझ्यासारख्या विद्यार्थिनीला झेपणारे नाही; आणि आपण पैसे मोजले तर नटांचे जीव धोक्यात घालणाऱ्यांना बळ दिल्यासारखे होईल, ही शंका वेगळीच. माझे म्हणणे एकच आहे: तिकीट नाटकाचे काढ, अपघाताचे नको. ज्याला हे जमणार नाही त्याने घरी बसावे.

6.5 कोटी डॉलरांच्या वर गेलेल्या खर्चाने तू दिपूही नकोस आणि चिडूही नकोस. ब्रॉडवेवर इतके महाग काही आजवर उभे राहिलेले नाही हे खरे. पण ज्यांनी पैसा घातला त्यांनी तो स्वतःच्या जबाबदारीवर घातला, आणि तो वसूल करून देणे हे प्रेक्षकाचे काम नव्हे. याच नाटकाच्या दिग्दर्शिका ज्यूली टेमर यांचे 'द लायन किंग' तरी कुठे स्वस्तात झाले होते? 1997 मध्ये आलेले ते नाटक आज चौदाव्या वर्षीही चालू आहे. खर्चावरून नाटकाला आधीच पापी ठरवणे हा आळशीपणा आहे, आणि तो तुझ्याकडून मला अपेक्षित नाही.

माणसे पडली, ही गोष्ट मात्र वेगळी. 20 डिसेंबरच्या प्रयोगात ख्रिस्तोफर टिअर्नी या नटाच्या पट्ट्याला सुरक्षादोर जोडलेलाच नव्हता. ते सुमारे 30 फूट खाली कोसळले, कवटीला आणि मणक्यांना इजा झाली. संघराज्याच्या कामगार-सुरक्षा खात्याने या महिन्यात त्रुटींवर बोट ठेवून दंड लावला तो 12,600 डॉलरांचा. एवढ्या निर्मितीला एवढासा दंड वाचून मला संताप आला. आणि लोकांनी काय केले? गल्ला आटला नाही. जानेवारीत हा खेळ ब्रॉडवेवरच्या सर्वाधिक कमाईच्या खेळांत जाऊन बसला. आज कोण पडते ते पाहायला आलेला प्रत्येक माणूस त्या निष्काळजीपणाची किंमत चुकती करून गेला, असे मी मानतो. म्हणून पुन्हा सांगतो, अपघाताचे तिकीट काढू नकोस. डिसेंबरनंतर दोर एकाने जोडायचा आणि दुसऱ्याने तपासायचा, अशी पद्धत लागू झाली आहे. ती नसती तर मी तुला जाऊ नकोसच म्हटले असते.

समीक्षकांनी उद्घाटनाची वाट न पाहता फेब्रुवारीत लिहिले, याचे तुला वाईट वाटते. मला मुळीच वाटत नाही. नोव्हेंबरपासून पूर्वप्रयोग, म्हणजे उद्घाटनाआधीचे प्रयोग, चालले आहेत, उद्घाटन पुन्हापुन्हा पुढे ढकलले जात आहे आणि प्रेक्षकाकडून मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण दर घेतला जात आहे. पूर्ण दर घेणाऱ्याने पूर्ण परीक्षण सोसले पाहिजे.

जायचेच तर 18 एप्रिलच्या आत जा. टेमर यांना बाजूला करून दिग्दर्शनासाठी फिलिप विल्यम मॅकिनली यांना आणले आहे, प्रयोग जवळजवळ महिनाभर थांबणार आहेत आणि मग जे पुन्हा उभे राहील ते कदाचित अधिक नीटनेटके असेल. पण टेमर यांच्या कल्पनेतली ती ग्रीक पुराणकथेतली, कोळीरूपातली अराक्नी, या सगळ्या गोंधळाचे मूळ म्हणा किंवा प्राण म्हणा, तशी राहणार नाही. नाटकाचे पुस्तक मागे राहते, प्रयोग राहत नाही. 1988 मध्ये 'कॅरी' हे ब्रॉडवेवरचे संगीतनाटक उद्घाटनानंतर पाच प्रयोगांत बंद पडले. त्या आठवड्यात मला शहरात जाणे जमले नाही, आणि त्यानंतर आजतागायत मी त्याविषयी फक्त इतरांची मते ऐकत आलो आहे. वाईट नाटक पाहिल्याचे दुःख मला कधी झाले नाही. 'कॅरी' न पाहिल्याचे आहे.

माझ्या घरी हे कोणाला पटत नाही. टाइम्स स्क्वेअरच्या खिडकीवर अर्ध्या किमतीत तिकिटे मिळत असताना धडपडणाऱ्या नाटकाला पूर्ण पैसे का द्यायचे, हा वाद आमच्याकडे वर्षानुवर्षे चालला आहे. मी देत आलो, पुढेही देईन, कारण नाटक सावरते की कोसळते हे ठरायच्या आत तिथे बसलेला प्रेक्षक नटांना हवा असतो, आणि तो हसायला आलेला नसावा लागतो. याला हट्ट म्हणायचे असेल तर म्हण.

गटाबरोबर मात्र जाऊ नकोस. एकटी जा, आणि प्रकाशयोजनेचा अभ्यास करतेस तर डोनाल्ड होल्डर यांच्या दिव्यांकडे नजर ठेव. 'द लायन किंग'चे दिवेही त्यांचेच. नेपथ्यकार जॉर्ज त्सिपिन यांचे ते तिरपे, उलटेपालटे शहर आणि डोक्यावरून उडणारी माणसे एकाच वेळी कशी उजळली आहेत, आणि उडणाऱ्याचा दोर कुठे लपवला आहे नि कुठे मुद्दाम दिसू दिला आहे, हे मला सविस्तर लिही. कथानकाविषयी नंतर बोलू.

तुझा,
काका