रस्ते, जमीन वापर आणि पर्यावरण ही खाती एकत्र बसून कोकणाचं नियोजन का करत नाहीत?

एकत्र बसायची जागा आहे, तिथे काम भलतंच चालतं. जिल्हा नियोजन समितीने गावांच्या आणि शहरांच्या योजना जुळवून जिल्ह्याचा एक आराखडा करावा, त्यात जमीन, पाणी, पर्यावरण सगळं धरावं, असं घटनेच्या 243 झेडडी कलमात लिहिलंय. प्रत्यक्षात सभा गाजते ती कुणाला किती निधी यावर.

फटका आमच्या मळ्याला बसलाय, म्हणून लिहितोय. राजापूर तालुक्यात आमच्या घराखालून मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण गेलं. सड्यावरचं, म्हणजे वरच्या कातळपठारावरचं पाणी पूर्वी दोन पऱ्यांनी, म्हणजे ओढ्यांनी उतरायचं. भराव घालताना एकावर मोरी ठेवली, दुसरा बुजवला. पावसाने जोर धरला तसं दोन्हींचं पाणी एकाच तोंडाने मळ्यात घुसलं. नुकती लावणी झाली होती. भाताची चूड उपटून पाहिली तर मुळाशी वीतभर लाल गाळ.

रस्त्याच्या कार्यालयात म्हणाले, आमच्या ड्रॉइंगमध्ये दुसरा पऱ्याच नाही. पाटबंधाऱ्याकडे गेलो तर तो त्यांच्या यादीतला नाला नव्हे. तहसीलला गावनकाशा उलगडला, त्यावर दोन्ही पऱ्ये स्वच्छ काढलेले! तो नकाशा कुणी मागवलाच नव्हता. वरचा सडा सातबाऱ्यावर पोटखराबा, लागवडीला निकामी जमीन, म्हणजे तिथून पाणी येतं हे कुठल्याच खात्याच्या हिशेबात नाही.

आमचा चुलतभाऊ गणपतीला मुंबईहून आला की दरवर्षी सुनावतो, 'तुमच्या पर्यावरणवाल्यांनीच रस्ता रखडवला.' साफ चूक. 2013 पासून राष्ट्रीय महामार्ग रुंद करायला पर्यावरण मंजुरी लागते ती काम 100 किलोमीटरहून लांब असेल आणि आहे त्या मार्गावर 40 मीटरहून जास्त जादा जागा घ्यायची असेल, तरच. या महामार्गाचं इंदापूर ते झाराप काम तुकड्या-तुकड्यांनी दिलं, त्यामुळे ती मंजुरी लागलीच नाही. तिथे रखडलं ते भूसंपादन आणि अर्ध्यावर बदलावे लागलेले ठेकेदार यांच्यामुळे.

नवं प्राधिकरण काढणं हा उपाय मला मान्य नाही. 2024 मध्ये किनाऱ्यावरच्या विकास केंद्रांसाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून एमएसआरडीसीला, म्हणजे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाला नेमलं. जी संस्था रस्ता बांधणार, तिनेच आजूबाजूच्या जमिनीचा वापर ठरवायचा? मग रस्त्याला नको म्हणणारं त्या टेबलाशी उरतं कोण?

तुमच्या गावात मोजणी लागली असेल तर मोबदल्याच्या आकड्याआधी मोऱ्यांची यादी मागा. माहिती अधिकारात मिळते. ती गावनकाशाशी ताडून ग्रामसभेत ठराव घ्या आणि संयुक्त पाहणी जुलैत लावायला सांगा. मार्चमध्ये सगळे पऱ्ये कोरडे असतात, साहेब चालत ओलांडून जातात.

कर्नाळा अभयारण्याच्या पट्ट्यात परवानग्यांमध्ये वेळ गेला, हे खरंय. खारभूमीच्या गावांचा अनुभवही मला नाही, तिथे सीआरझेडमुळे, म्हणजे किनारपट्टीच्या नियमांमुळे गणित वेगळं असतं. पण कर्नाळा पनवेलजवळ. आमच्या राजापूरचा पऱ्या बुजवला तो कुठल्या परवानगीमुळे, हे चुलतभावाने मला अजून सांगितलेलं नाही.