क्लचमध्ये पुन्हा पुन्हा हवा का शिरते?

प्रश्न : माझा पिकअप भाजीपाला घेऊन माळशेज घाटातून कल्याणला जातो. काही दिवसांपासून क्लचचे पेडल हलके पडले असून रिव्हर्स गिअर टाकताना खरखर होते. गॅरेजमध्ये ‘एअर काढून’ घेतली की आठवडाभर गाडी ठीक चालते आणि मग पुन्हा तेच सुरू होते. मेकॅनिक आता क्लचप्लेट बदलण्यास सांगत आहेत. ती बदलावी का? आणि एअर घरी काढता येते का?
– एक वाचक, जुन्नर

उत्तर : क्लचप्लेटवर खर्च करण्याची घाई करू नये. प्लेट झिजली की क्लच घसरतो, म्हणजे भरलेली गाडी घाट चढताना इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही. तुमची तक्रार याच्या नेमकी उलट आहे. तुमचा क्लच पूर्ण सुटत नाही, म्हणून गिअर खरखरतो. आणि अनेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर (गिअरच्या चक्रांचा वेग जुळवणारा भाग) नसल्यामुळे ही खरखर तेथे आधी ऐकू येते. पेडल दोन-तीन वेळा भराभर दाबल्यावर गिअर अलगद पडत असेल, तर दोष हायड्रॉलिक भागात, म्हणजे पेडलचा दाब ऑईलमार्फत क्लचपर्यंत नेणाऱ्या भागात, आहे असे धरून चालावे.

एअर घरी काढता येते, मात्र पेडलवर बसायला दुसरा माणूस हवा. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना उटी लावा आणि क्लचच्या ऑईलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचेच, म्हणजे डॉट ३ किंवा डॉट ४, नव्या सीलबंद डब्यातील ब्रेक ऑईल भरा. हे ऑईल हवेतील ओलावा शोषते, म्हणून वर्षभर उघडा पडलेला डबा वापरू नये. इंजिन ऑईल तर चुकूनही घालू नये, कारण त्याने आतील रबरी सील फुगून निकामी होतात. स्लेव्ह सिलिंडरच्या (ऑईलच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या सिलिंडरच्या) हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक थोडे ऑईल असलेल्या बाटलीत बुडवून ठेवा. सहकाऱ्याने पेडल तळापर्यंत दाबून धरल्यावर निपल किंचित ढिले करावे, बुडबुडे बाहेर पडले की ते आवळावे आणि त्यानंतरच पेडल सोडण्यास सांगावे. हा क्रम चुकला तर बाहेर गेलेली हवा पुन्हा आत ओढली जाते. पेडल आपोआप वर येत नसेल तर ते हाताने उचलावे. नळीतून बुडबुड्यांविना ऑईल येईपर्यंत हे करत राहावे आणि टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नये, नाहीतर सगळे पहिल्यापासून करावे लागते. ऑईल रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवा. ते रंग उचलते.

तथापि, तुमच्या बाबतीत खरा प्रश्न हवा काढण्याचा नसून ती येते कोठून, हा आहे. हे ऑईल इंजिन ऑईलसारखे जळत नाही. प्लेट झिजत जाते तसा स्लेव्हचा पिस्टन मागे ढकलला जाऊन टाकीतील पातळी उलट थोडी वाढते, त्यामुळे पातळी घटत असेल तर गळती आहेच. स्लेव्ह सिलिंडरचे रबरी बूट मागे सरकवून आत ओल दिसते का ते पाहा. केबिनमध्ये पेडलच्या वर, मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबल्यावर ऑईल ढकलणाऱ्या सिलिंडरच्या) दांड्यापाशीही बोट फिरवून पाहा. बाहेर कोठेच ओल नसेल, पण गिअरमध्ये पेडल दाबून धरले असतानाही क्लच हळूहळू पुन्हा धरू लागत असेल, तर मास्टरचे आतले सील गेले आहे. अशा वेळी रबर किट टाकता येते, परंतु सिलिंडरच्या आतील भिंतीवर ओरखडे किंवा गंज असल्यास नवे सीलही फार टिकत नाही आणि अख्खा सिलिंडरच बदलावा लागतो.

काही पिकअपमध्ये स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या आवरणाच्या आत असतो. तो गळत असेल तर ऑईल त्या आवरणाच्या तळातून ठिबकते आणि गिअरबॉक्स उतरवण्यावाचून गत्यंतर नसते. गिअरबॉक्स उतरवलाच, तर तेव्हा मात्र प्लेटची जाडी मोजून घ्या. मर्यादेच्या जवळ आली असेल तर त्याच मजुरीत ती बदलून घेणे परवडते.