पोहणं कच्चं असताना पहिल्याच ट्रायथलॉन हंगामात हाफ आयर्नमॅनचं ध्येय ठेवू का? (वडोदरा)

नको, हा हंगाम स्प्रिंट अंतराचा ठेवा: ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी धावणं. हाफमध्ये १.९ किमी पोहून मग ९० किमी सायकल आणि २१.१ किमी धावणं असतं, आणि पोहण्याची वेळमर्यादा चुकली की शर्यत तिथेच संपते. मी इथे मोठ्या माणसांना पोहायला शिकवतो. पायात ताकद लवकर येते, पाण्यातली श्वासाची लय मात्र घाई केली की बिघडतेच. त्यामुळे ध्येय वेळेचं न ठेवता सरावाचं ठेवा: आठवड्यातून तीनदा तलाव, आणि पावसाळा संपेपर्यंत सलग १००० मीटर. एप्रिल-मेच्या उन्हात धावण्याच्या वेगावरून स्वतःला जोखू नका, तो उतरणारच. खुल्या पाण्याचा सराव हवा म्हणून विश्वामित्री नदीत किंवा आजव्याच्या तलावात कृपा करून उतरू नका, दोन्हीकडे मगरी आहेत. स्पर्धेच्या ठिकाणी आयोजक आदल्या दिवशी सराव ठेवत असतील तर तिथेच करा. सलग १५०० मीटर आत्ताच आरामात जमत असेल, तर हंगामाच्या शेवटी एखादी ऑलिम्पिक अंतराची (स्प्रिंटच्या दुप्पट) स्पर्धा घ्यायला हरकत नाही.