नव्याने सुरुवात करताय? आधी ओला कचरा धरा

पर्यावरणाला जपून राहायचं ठरवलंत, तर पहिल्याच आठवड्यात घरातलं सगळं बदलायला निघू नका. चांगली चालणारी वस्तू टाकून ‘पर्यावरणपूरक’ नवी आणण्यात नवखी माणसं हमखास फसतात. आहे ते झिजेपर्यंत वापरा. तारेचा जुना बल्ब गेला की तिथे एलईडी लावा, वीज साधारण ७५ टक्के कमी लागते.

खरी सुरुवात ओल्या कचऱ्यापासून करा, असं मी आग्रहाने सांगेन. तो कचरा डेपोत ढिगाखाली दबला की हवेविना कुजतो आणि त्यातून मिथेन सुटतो. २० वर्षांच्या हिशोबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट तापमानवाढ करतो. तोच कचरा घरी वाळकी पानं मिसळून, अधूनमधून खालीवर करून कुजवला तर मिथेन फारच कमी होतो. वास आला तर घाबरून सोडू नका. ओल जास्त झालीय, सुकी पानं वाढवा.

पण घरापुरतं थांबू नका, हे अगदी कळकळीने सांगतो. ओझोनचा थर सावरू लागला तो १९८७ च्या मॉन्ट्रियल या आंतरराष्ट्रीय करारामुळे. सीएफसी या ओझोन नष्ट करणाऱ्या वायूंच्या उत्पादनावरच बंधनं आली म्हणून. मोठा फरक असा नियमांनी पडतो. तेव्हा स्थानिक प्रशासनाला लिहा. एका पत्रात एकच मागणी, नेमकी जागा, तारखेसह फोटो, आणि पोच घ्यायला विसरू नका. उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी आधीच्या पत्राचा संदर्भ देऊन पुन्हा लिहा. दोन शेजाऱ्यांच्या सह्या मिळाल्या तर फारच छान. मसुदा अडला तर मला दाखवा, बसून नीट करू.