म्हाताऱ्या पेशंटजवळ पहिल्यांदा राहणार आहेस, म्हणून

अगं, बेडपॅन देणं, दर 2 तासांनी कूस बदलणं हे सिस्टर दाखवतील आणि हळूहळू हातात बसेल. ड्यूटीवर आलीस की आधी चष्मा, कवळी आणि कानाचं मशीन कुठे आहे ते बघ. ऑपरेशननंतर किंवा तापात बरेच आजी-आजोबा रात्री भ्रमतात, "मला घरी ने" म्हणत सलाईन उपटायला जातात. नीट दिसत नाही, ऐकू येत नाही, मग घाबरतात बिचारे. अशा वेळी दटावू नकोस, हात बांधायची घाई तर मुळीच नको. सिस्टरांना हाक मार, दिवा लाव, चष्मा घाल, समोर बसून सावकाश सांग, "आजी, तुम्ही दवाखान्यात आहात, सकाळी मुलगा येतोय." तो खरंच येणार असेल तरच हं.

भरवताना पाठ उंच कर, पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा देऊ नकोस. स्पंजिंगच्या, म्हणजे ओल्या फडक्याने अंग पुसायच्या वेळी पडदा ओढ, लागेल तेवढंच अंग उघड.

आणि आजी लघवीला जायचं म्हणाल्या तर "डायपर लावलाय ना, त्यातच करा" असं कधी म्हणू नकोस. फार लागतं ते मनाला. डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली असेल तर धरून टॉयलेटपर्यंत ने, कितीही वेळ लागू दे.