बोटिंग चालणाऱ्या तलावाचं पिण्याचं पाणी स्थानिक प्रशासन कसं जपतं?

लोकांना आधी बोटबंदी सुचते, पण मोठा धोका बहुतेकदा काठावरून येतो. शेतातल्या खतांतून आणि गळक्या सेप्टिक टँकमधून फॉस्फरस पाण्यात उतरला की नील-हरित शैवाल माजतं. त्यातली काही विषं पाणी उकळूनही जात नाहीत. म्हणून काठालगत झाडोऱ्याचा पट्टा राखणं, सांडपाणी वळवणं, बांधकामं दूर ठेवणं ही कामं सगळ्यात मोलाची. आणि जमीनमालकांच्या विरोधामुळे सगळ्यात अवघडही!

बोटींचं म्हणाल तर, जुनी कार्ब्युरेटरवाली टू-स्ट्रोक इंजिनं बरंचसं इंधन न जळताच पाण्यात सोडतात. अमेरिकेतल्या लेक टाहोचं पाणी पिण्यासाठीही वापरतात. तिथे १९९९ पासून अशा इंजिनांवर बंदी आहे, बोटिंग मात्र चालू आहे. पाणी उचलण्याच्या जागेजवळ पोहायला मनाई बऱ्याच ठिकाणी असते.