क्वांटम कॅस्केड लेसरचं पोलरायझेशन करंट किंवा तापमान बदलून फिरवता येतं का? मला वर्तुळाकार हवं आहे.

नाही येत. करंट वाढवला की पॉवर वाढते, वेव्हलेंग्थ सरकते. पोलरायझेशन, म्हणजे प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राची दिशा, जागचं हलत नाही. इलेक्ट्रॉन कंडक्शन बँडच्याच एका उपपातळीवरून दुसरीवर उतरतो आणि त्यातून निघणाऱ्या प्रकाशाचं विद्युतक्षेत्र चिपमधल्या अर्धवाहकाच्या थरांना लंबच असतं. म्हणजे टीएम (ट्रान्सव्हर्स मॅग्नेटिक). १९९४ साली बेल लॅब्जमध्ये पहिला लेसर चालला तेव्हापासून हेच.

इतकं ठासून सांगतोय, कारण यावरून लॅबमधल्या एका सीनिअरशी माझं चांगलंच वाजलं होतं. नायट्रिक ऑक्साइडसाठी फॅरडे रोटेशनचा (चुंबकक्षेत्रात वायू पोलरायझेशन किती फिरवतो ते मोजायचा) सेटअप होता, ५.३ मायक्रॉनचा. वायूच्या सेलभोवती कॉइल, अलीकडे-पलीकडे पोलरायझर (एकाच दिशेचं पोलरायझेशन जाऊ देणारा). पलीकडचा काटकोनात फिरवला की डिटेक्टरवर अंधार पडायला हवा, तो पडेना. सीनिअर म्हणे, लेसरच मिक्स मोडमध्ये आहे (दोन पोलरायझेशनचं मिश्रण देतोय), कंपनीला परत पाठवा. अहो, सेलच्या आधी पोलरायझर बसवलाय ना? मग लेसर कसा का असेना! पण सेलला हात लावायची बंदी, कारण त्याची गळती त्यांनीच थांबवली होती. कशी, तर झिंक सेलेनाइडच्या खिडकीवरचे स्क्रू गच्च आवळून. ते रजेवर गेले तेव्हा मी सेल बाजूला काढला. मस्त अंधार. परत ठेवला, स्क्रू जरासे सैल केले, तर डिटेक्टरचा आकडा डोळ्यांदेखत घसरला. दाबलेल्या झिंक सेलेनाइडमध्ये बायरेफ्रिन्जन्स येतो, म्हणजे दोन दिशांच्या पोलरायझेशनला अपवर्तनांक वेगवेगळा होतो आणि पोलरायझेशन बिघडतं. फोटोइलॅस्टिक मॉड्युलेटर (पोलरायझेशन झरझर बदलणारी उपकरणं) त्याच्यावरच तर चालतात. रजेवरून आल्यावरही त्यांचं म्हणणं तेच, लेसर खराब!

तुमच्यासाठी, सरळ पोलरायझेशनचं वर्तुळाकार करायला: एकच वेव्हलेंग्थ असेल तर क्वार्टर-वेव्ह प्लेट, लेसर ट्यून करणार असाल तर झिंक सेलेनाइडचा फ्रेनेल ऱ्हॉम्ब. मॅग्नेशियम फ्लोराइडची प्लेट स्वस्त मिळाली म्हणून ८-९ मायक्रॉनला लावू नका, तिथे ते प्रकाश गिळतं. चिपवरच करायचं म्हणाल तर हार्वर्डच्या कापासो यांच्या गटानं २००९ मध्ये लेसरच्या तोंडावरच प्लाझ्मॉनिक पोलरायझर (धातूवरची बारीक नक्षी) कोरून ४५ अंशातला आणि वर्तुळाकार घटक असलेला प्रकाश काढून दाखवला. काम देखणं आहे, पण एकदा कोरलं की कोरलं. बदलायची सोय नाही. प्लेट मागवण्याआधी लेसरच्या तोंडाशी एक पोलरायझर फिरवून बघा. तिथे अंधार पडत असेल तर लेसरला दोष देऊ नका, कोणी कितीही सीनिअर असो.

आणि हो, हे सगळं क्वांटम कॅस्केडचं. ३-४ मायक्रॉनचा लेसर असेल तर तो इंटरबँड कॅस्केड (इलेक्ट्रॉन कंडक्शन बँडमधून व्हॅलन्स बँडमध्ये उतरतो तो) नाही ना, हे डेटाशीटवर बघून घ्या. तो सहसा टीई असतो, म्हणजे विद्युतक्षेत्र थरांना समांतर.